‘कार्य’, कर्ता आणि संयोजक : समारंभ-व्यवस्थापनाच्या व्यवसायाचा परिचय

भाषा-साहित्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे अध्यापन, भाषांतर आणि संपादन हे तीन व्यवसाय सामान्यतः ठेवले जातात. समारंभांचे प्रकल्प-व्यवस्थापन हा चौथा व्यवसाय त्यांच्या विचारार्थ मांडावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. व्यवहारात ‘इव्हेंट प्रोजेक्ट मॅनेजर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तीचे काम कोणते, त्यास कोणती तयारी लागते आणि भाषेच्या अभ्यासकाचा त्याच्याशी संबंध काय, एवढ्या तीन प्रश्नांचाच येथे विचार केला आहे.

प्रथम संज्ञा पाहू. ठराविक मुदतीत, ठराविक साधनांनिशी एकदाच सिद्धीस न्यावयाचे काम म्हणजे प्रकल्प. कारखान्यातून रोज माल काढणे हा प्रकल्प नव्हे. कारखाना उभारणे हा प्रकल्प होय. या कल्पनेच्या अगदी जवळचा शब्द मराठी बोलीत पूर्वीपासून आहे. ‘घरी कार्य आहे’ असे म्हटले की ऐकणारा लग्न किंवा मुंज समजतो, रोजचे काम समजत नाही. ‘मंगल कार्यालय’ या शब्दातील ‘कार्य’ तेच. अशा कार्यास निश्चित आरंभ असतो, निश्चित अंत असतो आणि ते मुहूर्ताने बांधलेले असते.

घरच्या कार्यात आचारी, मांडववाला, वाजंत्री या सर्वांना नावे आहेत. परंतु या साऱ्यांच्या कामांची सांगड घालणाऱ्यास स्वतंत्र नाव नाही. ते काम एखादे मामा किंवा आत्या आपुलकीने करीत. नाव नाही म्हणून मोबदला नाही आणि मोबदला नाही म्हणून त्याचे शास्त्रही नाही, अशी ही परंपरा आहे. आज ‘आयोजक’ व ‘संयोजक’ हे शब्द बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात. दोन्ही ‘युज्’ धातूपासून आले असले तरी त्यांत भेद राखणे सोयीचे ठरेल. समारंभ ज्याचा, हेतू व पैसा ज्याचा, तो आयोजक; त्याच्या वतीने कामे, माणसे व वेळ एकमेकांस जोडून देतो तो संयोजक. प्रस्तुत व्यवसाय हा संयोजकाचा आहे.

वाचकांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. त्याच परंपरेतील अठ्ठ्याण्णवावे साहित्य संमेलन फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाले. दिल्लीत संमेलन भरण्याचा यापूर्वीचा प्रसंग १९५४ सालचा होता. आजच्या संमेलनात ग्रंथदिंडी, परिसंवाद, कविसंमेलन, ग्रंथप्रदर्शन, निवास व भोजन ही सर्व कामे एकाच वेळी चालतात आणि ती परस्परांवर अवलंबून असतात. मंडप उभा राहिल्याशिवाय वीज जोडता येत नाही, वीज नसेल तर ग्रंथविक्रेत्यांना गाळे देता येत नाहीत. वक्त्यांचे होकार आल्याखेरीज कार्यक्रमपत्रिका छापता येत नाही, आणि प्रतिनिधींची नोंदणी संपेपर्यंत पानांचा आकडा आचाऱ्यास सांगता येत नाही.

अशा परस्परावलंबी कामांतून, ज्यांचा उशीर सर्व कार्यास भोवतो अशांची साखळी शोधून काढण्याची एक रीत अमेरिकेतील ड्यु पाँट कंपनीत १९५७ च्या सुमारास तयार झाली. ‘क्रिटिकल पाथ’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. इमारतीचे काम लांबले तर उद्घाटन पुढे नेता येते. समारंभात बहुधा तशी सोय नसते. तारीख हलत नाही, म्हणून उशिराची किंमत पैशाच्या, दर्जाच्या किंवा सुरक्षिततेच्या रूपाने द्यावी लागते. ती कोणत्या रूपाने द्यावयाची हे वेळेवर ठरविणे, हे संयोजकाचे खरे कौशल्य होय.

येथेच भाषेचा संबंध येतो. समित्यांच्या इतिवृत्तांत ‘मंडपाची व्यवस्था केली जाईल’, ‘पाहुण्यांना कळविण्यात यावे’ अशी वाक्ये सर्रास आढळतात. व्याकरणदृष्ट्या ती निर्दोष आहेत. परंतु त्यांत कर्ता नाही आणि काळाची मर्यादाही नाही. व्यवस्था कोण करणार? केव्हापर्यंत? ती झाली हे कोण पाहणार? कर्मणि रचनेत कर्ता सहज गाळता येतो, आणि वाक्यातून गळलेला कर्ता प्रत्यक्ष व्यवहारातही सापडत नाही. ‘मंडपाचे कंत्राटदार बुधवारी सकाळी दहापर्यंत मंडप उभारून कार्यवाहांच्या ताब्यात देतील’ या वाक्यात कर्ता, क्रिया, वेळ आणि पूर्ततेची खूण हे चारही घटक आहेत. शेकडो कामांची अशी शेकडो वाक्ये तयार करणे व ती संबंधितांकडून मान्य करून घेणे, हाच नियोजनाचा गाभा आहे. वाक्यातील रिक्त स्थाने ओळखण्याची सवय ज्याला अभ्यासाने लागली आहे, त्याला हे काम परके वाटू नये.

या शिस्तीचे महत्त्व केवळ सोयीपुरते नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराचा समारंभ उघड्या मैदानावर भर उन्हात झाला. लाखोंचा समुदाय तेथे जमला होता. उष्माघाताने चौदा जणांना प्राण गमवावे लागले. समारंभाची वेळ, सावली, पाणी, बाहेर पडण्याच्या वाटा आणि वैद्यकीय मदत या बाबी वेळापत्रकातील किरकोळ नोंदी नव्हेत, हे या घटनेने सर्वांच्या लक्षात आणून दिले. धोक्यांची यादी आधी करणे आणि त्या यादीपुढे जबाबदार माणसाचे नाव लिहिणे, हे संयोजकाचे पहिले कर्तव्य मानले पाहिजे.

आता तयारीविषयी. भाषेचे ज्ञान आवश्यक असले तरी पुरेसे नाही. अंदाजपत्रक, कंत्राटाचा मसुदा, पोलीस व अग्निशमन विभागांच्या परवानग्या आणि ध्वनिक्षेपकाविषयीचे २००० सालचे नियम यांचे ज्ञान स्वतंत्रपणे मिळवावे लागते. प्रकल्प-व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रे उपलब्ध आहेत. मात्र त्यांतील प्रमुख परीक्षेस बसण्यासाठी पदवीधरालाही काही वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव दाखवावा लागतो. तो अनुभव विभागाच्या चर्चासत्रापासूनच घेता येईल. एका चर्चासत्राचे नियोजन, खर्चाचा हिशेब आणि समारोपानंतरचा अहवाल नीट जपून ठेवल्यास नोकरीच्या अर्जासोबत तो पुरावा म्हणून दाखविता येतो. पुढे एखाद्या व्यावसायिक संस्थेत सहायक म्हणून आरंभ करून स्वतंत्र कामे अंगावर घेणे, हा या क्षेत्रातील नेहमीचा मार्ग होय. कामाचे तास अनियमित असतात, हंगामात रात्री जागाव्या लागतात आणि हंगाम सरला की काम विरळ होते, याची जाणीव मात्र आरंभीच असावी.

समारंभाचे काम म्हणजे हौस किंवा सेवा, ही आपली जुनी समजूत आहे. सेवाभाव आदरणीयच आहे. परंतु त्या नावाखाली विद्यार्थ्यांकडून महिनोन्‌महिने विनामूल्य काम करून घेणे आणि जबाबदारी मात्र कोणाचीच न ठरविणे, हे दोघांच्याही हिताचे नाही. ज्या कामास नाव मिळते, त्याची कर्तव्ये ठरविता येतात. कर्तव्ये ठरली की मोबदलाही मागता येतो. भाषेच्या विभागांनी या व्यवसायाचा गांभीर्याने विचार करावा, तो याच कारणासाठी.