ओइवाच्या वारसदार : जपानी भयपटांची परंपरा

हिदेओ नाकाता दिग्दर्शित ‘रिंगू’ या १९९८ सालच्या चित्रपटाने जपानी भयपटाकडे जगाचे लक्ष वेधले आणि पांढऱ्या वस्त्रातील, चेहऱ्यावर केस सोडलेली सादाको भयपटांच्या चाहत्यांना घरोघर ठाऊक झाली. परंतु ‘रिंगू’ पाहून थेट अमेरिकी पुनर्निर्मितीकडे वळणारा प्रेक्षक या परंपरेच्या सर्वोत्तम भागाला मुकतो, कारण सादाकोचे कूळ शोधायचे तर मागे, एदो काळातील रंगभूमीपर्यंत जावे लागते. अन्यायाने मेलेल्या आणि सूड घेण्यासाठी परतणाऱ्या आत्म्याला जपानीत ‘ओन्‌र्यो’ म्हणतात. त्याची पांढरी वस्त्रे म्हणजे मृताला नेसवायचा किमोनो होय. जिवंतपणी बांधलेले केस मृत्यूनंतर मोकळे सोडले जात, म्हणून ते मोकळे केसही मरणाचीच खूण ठरतात.

या कुळाची मूळ स्त्री ओइवा. त्सुरुया नाम्बोकु चौथा या नाटककाराचे ‘तोकाइदो योत्सुया काइदान’ हे काबुकी नाटक १८२५ साली एदोमधील, म्हणजे आजच्या तोक्योमधील, नाकामुरा-झा नाट्यगृहात प्रथम सादर झाले, आणि तेही स्वामिनिष्ठ सामुराईंची गाथा सांगणाऱ्या ‘चुशिंगुरा’ या नाटकाच्या जोडीने. ही जोडणी अर्थपूर्ण होती. ओइवाचा नवरा इएमोन हा ‘चुशिंगुरा’तील धन्याच्याच पदरचा सामुराई, मात्र धन्यासाठी प्राण देण्याऐवजी तो श्रीमंत शेजाऱ्याच्या नातीशी लग्न करण्यासाठी आजारी बायकोला वाऱ्यावर सोडतो. शेजाऱ्याकडून औषध म्हणून आलेले विष ओइवा कृतज्ञतेने घेते आणि तिचा चेहरा विद्रूप होतो. सत्य कळल्यावर ती शेजाऱ्याकडे जाब विचारण्यासाठी निघते आणि चारचौघांत नीटनेटके दिसावे म्हणून केस विंचरायला बसते, तेव्हा फणीबरोबर केसांचे पुंजकेच्या पुंजके निघत जातात. घराबाहेर पडताना मान राखू पाहणाऱ्या स्त्रीची ती साधी कृती रंगमंचावर संथपणे, एकेक हालचाल दाखवत घडते, आणि जपानी भयपटाचे सारे व्याकरण तिथे आधीच सिद्ध झालेले दिसते. भीती दचकवण्यातून येत नाही. जे होणार हे सर्वांना ठाऊक आहे, ते अटळपणे होत असताना पाहत राहावे लागते, यातून ती येते. पितरांचे आत्मे घरी येतात असे मानल्या जाणाऱ्या ओबोन सणाच्या सुमारास, उन्हाळ्यात, हे नाटक आजही रंगते, आणि प्रयोगाआधी कलावंत योत्सुया येथील ओइवाच्या देवस्थानाचे दर्शन घेतात.

या नाटकावर अनेक चित्रपट निघाले, तरी नोबुओ नाकागावा यांचा १९५९ सालचा चित्रपट निर्विवादपणे श्रेष्ठ ठरतो. एकाच दाराच्या दोन बाजूंना दोन प्रेते खिळवून ते पाण्यात सोडण्याची नाटकातील क्लृप्ती नाकागावांनी रंगीत पडद्यावर आणली आणि प्रेताबरोबर पाण्याचा रंगही बदलू दिला. भयपटांच्या चाहत्याने एकच जुना जपानी चित्रपट पाहायचे ठरवले, तर तो हाच असावा.

त्यानंतर मासाकी कोबायाशी यांचा ‘क्वाइदान’ (१९६४) पाहावा. ग्रीसच्या लेफ्कादा बेटावर जन्मलेल्या आणि जपानचे नागरिकत्व घेतलेल्या लाफ्काडिओ हर्न यांनी पत्नी सेत्सु यांच्याकडून ऐकलेल्या व जुन्या ग्रंथांतून वेचलेल्या भूतकथा इंग्रजीत लिहिल्या. त्यांपैकी चार कथांवर १८३ मिनिटांचा हा चित्रपट बेतलेला आहे. हाताने रंगवलेल्या पडद्यांचे आकाश आणि त्या आकाशातून रोखून पाहणारा डोळा येथे दिसतो. संगीतकार तोरु ताकेमित्सु यांनी नैसर्गिक आवाज काढून टाकले आणि लाकूड चिरफाळल्यासारखे ध्वनी भलत्याच क्षणी योजले, त्यामुळे पावले पडताना दिसतात पण ऐकू येत नाहीत. तिसऱ्या कथेतील होइची हा अंध वादक ११८५ सालच्या दान-नो-उरा येथील नाविक लढाईचे आख्यान गातो आणि त्या लढाईत बुडालेल्या हेइके कुळाचे आत्मे त्याला रोज रात्री गायला नेतात. त्याला वाचवण्यासाठी भिक्षू त्याच्या सर्वांगावर प्रज्ञापारमिताहृदयसूत्र लिहितात, कान मात्र राहून जातात. मूळ संस्कृतातील हे बौद्ध सूत्र एका जपानी वादकाच्या त्वचेवर कुंचल्याने उतरत असताना पाहणे हा मराठी वाचकासाठी वेगळा अनुभव ठरावा.

हिरोशिमा प्रांतात जन्मलेले कानेतो शिंदो यांचे ‘ओनिबाबा’ (१९६४) आणि ‘कुरोनेको’ (१९६८) हे चित्रपट युद्धाने उपाशी ठेवलेल्या सासू-सुनांचे आहेत. पहिल्या चित्रपटात पुरुषभर उंच गवतात लपून दोघी भरकटलेल्या सैनिकांना मारतात आणि त्यांची चिलखते विकून पोट भरतात. त्यांपैकी एकीच्या चेहऱ्याला चिकटलेल्या मुखवट्याखालच्या जखमांसाठी शिंदोंनी अणुबॉम्बने भाजलेल्यांची छायाचित्रे समोर ठेवली होती. दुसऱ्यात सैनिकांच्या अत्याचाराला बळी पडलेल्या दोघी मार्जाररूपाने परततात. तो अधिक सुंदर असला, तरी पहिला अधिक भीषण आहे.

एवढे पाहून ‘रिंगू’कडे परतले की तो चित्रपट नव्याने उलगडतो. सादाकोचे अवशेष असलेली विहीर ही ओकिकू नावाच्या दासीच्या कथेतील विहिरीची आठवण करून देते. विहिरीत मारून टाकलेली ती दासी रात्री ताटल्या मोजते आणि नऊवर येऊन किंचाळते. कोजी सुझुकी यांच्या १९९१ सालच्या मूळ कादंबरीत सादाको दूरचित्रवाणी संचातून बाहेर येत नाही. ती कल्पना चित्रपटाची. रिए इनोओ या अभिनेत्रीला उलट्या पावलांनी चालवून ते चित्रण उलटे फिरवल्यामुळे तिच्या हालचालींत सांधे निखळल्यासारखा विचित्रपणा आला. तथापि चित्रपटाचे खरे धाडस कथेत आहे. अवशेष सापडले आणि कुणी आपुलकीने ते उचलले की आत्मा शांत होतो, ही जुनी समजूत येथे मोडते, आणि सादाकोचा शाप थांबत नाही.

कियोशी कुरोसावा यांच्या ‘काइरो’ने (२००१) हे आणखी पुढे नेले. इंटरनेटच्या प्रारंभीच्या काळातील या चित्रपटात भुतांना सूडही घ्यायचा नसतो. त्यांच्याकडे अनंत एकटेपणा असतो आणि तो जिवंतांना लागतो. एका दृश्यात एक स्त्री-आकृती अंधाऱ्या खोलीत सावकाश चालत येते, मध्येच तिचा तोल जातो आणि ती सावरून पुन्हा चालू लागते. कसलाही आवाज वा झटका नसताना हा क्षण या प्रकारातील सर्वांत भयावह क्षणांपैकी एक आहे. २००६ सालच्या अमेरिकी ‘पल्स’मध्ये हीच कथा आहे, पण तो संथपणा नाही. अमेरिकी आवृत्त्यांपासून सावध राहायचे तर ‘क्वाइदान’च्या बाबतीतही दक्षता घ्यावी लागते, कारण अमेरिकेत प्रदर्शित करताना त्यातील हिमस्त्रीची दुसरी कथा वगळली गेली होती, म्हणून चार कथांची पूर्ण प्रत आहे ना, हे पाहूनच तो चित्रपट लावावा.