दोरा, ग्लोब आणि चुकलेले अडीच तास

मी सातवीत असतानाची, म्हणजे २०१६ च्या ऑगस्टमधली गोष्ट. ताई एमएससाठी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाली. आईने विचारलं, "किती वेळ लागेल रे?" मी ग्लोबवर दोरा ताणला. अंतर आलं साधारण १२,४०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० धरला, भागाकार केला आणि ऐटीत सांगितलं, "चौदा तास!"

चौदा तास झाले. फोन नाही. पंधरा झाले, सोळा झाले. आई जेवलीच नाही. साडेसोळा तास उलटल्यावर एकदाचा "पोचले गं" म्हणून फोन आला. "तुझं गणित ठेव तुझ्यापाशी," एवढंच आई म्हणाली.

आता थर्ड इयरला आल्यावर ते गणित पुन्हा तपासलं. गंमत म्हणजे दोरा चुकला नव्हता. गोलावरच्या दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर म्हणजे 'ग्रेट सर्कल'चा तुकडा, आणि ताणलेला दोरा आपोआप त्यावरच बसतो. माझा दोरा सैबेरिया, आर्क्टिक महासागर, अलास्का असा गेला होता. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली, तर हा रस्ता सुचणारही नाही. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश सूत्रात घातले तरी उत्तर १२,४०० च्याच आसपास येतं.

मग चुकलं कुठे? एक तर विमान दोऱ्यावरून गेलंच नाही. तेव्हा एअर इंडियाचं हे विमान पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं. तो रस्ता सुमारे १३,९०० किलोमीटरचा.

दुसरी चूक मोठी. ताशी ९०० हा विमानाचा हवेतला वेग, जमिनीवरचा नव्हे. कृष्णेत पोहलेल्या कुणालाही विचारा, हात तेवढेच मारले तरी धारेबरोबर आणि धारेविरुद्ध यात किती फरक पडतो! दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे 'जेट स्ट्रीम' नावाचे वारे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० च्याही वर जातो. अटलांटिकवरून पश्चिमेला जाणारं विमान धारेविरुद्ध पोहत असतं.

याचा पुरावा त्याच वर्षी मिळाला. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने जाताना उलटा, पॅसिफिकवरचा रस्ता धरला. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं, पण विमान साडेचौदा तासांत पोचलं! १,४०० किलोमीटर जास्त आणि तरी दोन तास कमी. भागाकार करून बघा, जमिनीवरचा सरासरी वेग ताशी १,०५० च्या वर येतो. परत येताना ते अटलांटिकवरून, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच यायचं. एका फेरीत चक्क पृथ्वीप्रदक्षिणा!

थोडक्यात, प्रवासाचा वेळ अंतरावरून ठरतो हे अर्धंच खरं. रस्ता कुठला आणि वारा कुणाच्या बाजूने, हे विचारल्याशिवाय भागाकार करू नये.

मागच्या महिन्यात रूममेटचा भाऊ तिकडे निघाला. काकूंनी मलाच विचारलं, "किती तास रे?" मी तिकिटावरची वेळ सांगितली, आणि वर म्हटलं, "काकू, फोन तासभर उशिरा आला तरी जेवून घ्या."