बसायला लागलेले बाळ पुन्हा आडवे पडू लागले तर

पाच महिन्यांचे बाळ मान धरू लागलेले असते, हसत असते, खुळखुळ्याकडे वळून पाहत असते. मग हळूहळू मान पुन्हा लुळी पडते. भांडे पडले, दार आपटले की बाळ दर वेळी जोरात दचकते. घरातले कौतुकाने म्हणतात, कान किती तिखट आहेत! वर्ष सरता सरता नजर ठरत नाही, झटके येऊ लागतात. अशा वेळी आपल्या वस्त्यांतही दोन गोष्टी हमखास होतात. कुणी तरी 'बाहेरचे आहे' म्हणून अंगारा आणते, आणि घरातल्या बायका बाळाच्या आईला विचारू लागतात, ग्रहणात काय चिरले होतेस? 1956 साली बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांच्या घरांत हे अजून चालते. हे आपल्याच आरोग्यपानावर लिहायचे नाही तर कुठे लिहायचे?

या आजाराचे नाव टे-सॅक्स. तो दुर्मिळ आहे, पण एकटा नाही. गौशर, नीमन-पिक, क्रॅबे अशी त्याची बरीच भावंडे आहेत. त्यांचे मूळ एकाच जागी सापडते.

रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीजवळ भंगाराची दुकाने आपण रोज पाहतो. आलेला माल तिथे फोडतात, वेगळा करतात, कामाचे परत पाठवतात. आपल्या शरीराच्या पेशींतही अशी भंगारवखार असते. तिला लायसोसोम म्हणतात. बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द द्यूव्ह यांनी 1955 मध्ये ती ओळखली आणि 1974 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. या वखारीत प्रत्येक प्रकारचा माल फोडणारा कामगार ठरलेला असतो. हे कामगार म्हणजे एन्झाइम. मेंदूच्या पेशींच्या आवरणात स्फिंगोलिपिड नावाचे स्निग्ध पदार्थ भरपूर असतात. जुने झाले की ते वखारीत येतात. ते फोडणारा कामगारच नसेल तर ढीग वाढत जातो, पेशी फुगते आणि शेवटी मरते. मेंदूच्या मेलेल्या पेशी बहुतेक पुन्हा तयार होत नाहीत, म्हणून शिकलेले बाळ शिकलेले विसरते.

कामगार का नसतो? कारण त्याचा आराखडा जनुकात असतो आणि तो बाळाला आईकडून एक, वडिलांकडून एक असा मिळतो. एक चांगला असला तरी भागते. असा माणूस फक्त वाहक असतो, त्याला टे-सॅक्स होत नाही. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता बाळ आजारी होण्याची. पहिले बाळ आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली असा हिशेब नसतो. दर वेळी चारात एक. म्हणजे दोष एकट्या आईचा कधीच नसतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माची फळे ही कल्पना नाकारली आणि मूल आईवडिलांकडून काय घेते याकडे बोट दाखवले, ते इथे आठवावे.

आता थोडे कडू. स्थळ पाहताना आधी मामाची मुलगी, हा विचार आपल्याकडे गेलेला नाही. आत्याचा मुलगा आणि मामाची मुलगी यांचे एक आजी-आजोबा तेच. त्यांच्यापैकी कुणात बिघडलेला आराखडा असेल तर तो दोन्ही नातवंडांत उतरून लग्नात पुन्हा एकत्र येऊ शकतो. अशा बहुतेक जोडप्यांची मुले निरोगी असतात हे खरे. पण धोका वाढतो हेही तितकेच खरे. आणि नाते नसले तरी पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्ने लावली की तेच होते. 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न हेच असल्याचे मांडले होते. 2017 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतील डॉ. थंगराज आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आशियातल्या अडीचशेहून अधिक समूहांची जनुके तपासली, तेव्हा त्यातल्या 81 समूहांत थोड्या पूर्वजांपासून आलेल्या जनुकांचा ठसा ठळक दिसला. अशा समूहांत दुर्मिळ आजार वाढतात. गुजरातमध्ये टे-सॅक्सचा एक ठरावीक बिघाड पुन्हा पुन्हा सापडतो, तो असाच.

ज्यू समाजातही हा आजार बराच होता. 1971 पासून अमेरिकेत त्यांनी आपल्या प्रार्थनास्थळांतून वाहकांच्या रक्तचाचण्या सुरू केल्या आणि त्यांच्यातले रुग्ण 90 टक्क्यांहून अधिक घटले. विहारात असे शिबिर का होऊ नये, हा प्रश्न आम्ही उपासक मंडळांपुढे ठेवतो.

शिरूर-दौंडच्या घरांनी करायचे काय? अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा येते. त्या डॉक्टरांना 'बाळ मागे पडतेय' एवढेच सांगू नका. 'आधी करत होते, आता करत नाही' असे सांगा, त्याने तपासणीची दिशा बदलते. पोट मोठे, रक्त वारंवार कमी, प्लीहा वाढलेली असेल तर गौशरचाही विचार होतो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून ससूनच्या बालरोग विभागाची चिठ्ठी घ्या. रक्तातल्या एन्झाइमच्या चाचणीवर यांतले बरेच आजार ओळखू येतात.

टे-सॅक्सवर आज बरे करणारे औषध नाही. गौशरच्या काही प्रकारांत दर पंधरा दिवसांनी सलाइनमधून एन्झाइम देतात, पण ते मेंदूपर्यंत पोहोचत नाही आणि फार महाग असते. केंद्राच्या 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणात पात्र रुग्णाला 50 लाखांपर्यंत मदत आहे. महाराष्ट्रात परळचे केईएम रुग्णालय त्यासाठी मान्यताप्राप्त केंद्र आहे.

बाळ वाचणार नाही असे सांगितले तरी तपासणी सोडू नका. त्याचे रक्त घेऊन जनुक ओळखले, तर पुढच्या गरोदरपणात 11 ते 14 आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. कायद्याने बंदी आहे ती लिंग सांगण्यावर, या तपासणीवर नाही. बाळ गेल्यावर हे फार अवघड होते.

घरातल्या म्हाताऱ्यांचाही इथे संबंध आहे. गौशरच्या जनुकाचा एकच बिघाड असलेल्यांना पार्किन्सनचा, म्हणजे कंपवाताचा, धोका जास्त असतो. 2009 मध्ये अनेक देशांतल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात हा बिघाड निरोगी माणसांपेक्षा पाच पटींहून जास्त आढळला. तरी बहुतेक वाहकांना कंपवात होत नाही. पुण्यात पाषाणच्या आयसरमध्ये डॉ. सिद्धेश कामत यांची प्रयोगशाळा मेंदूतल्या स्निग्ध रेणूंवर काम करते. लंडनमध्ये खोकल्याच्या ॲम्ब्रोक्सॉलची कंपवातासाठी चाचणी चालू आहे, कारण ते हाच कामगार वाढवते असे दिसते. पण तिथला डोस दिवसाला 1260 मिलिग्रॅम आहे, म्हणजे 30 मिलिग्रॅमच्या 42 गोळ्या, आणि तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मेडिकलमधून बाटल्या आणून आजोबांना पाजू नका.

ससूनला जाताना जुनी चिठ्ठी, लसीकरणाचे कार्ड आणि मोबाइलमधले बाळाचे जुने व्हिडिओ न्या. कधी बसत होते, कधी हाक ऐकून हसत होते, हे त्या व्हिडिओच्या तारखेवरून डॉक्टरांना कळते.