वास्तुरचनाकाराची खोली

एके काळी ८४१ गुणिले ११८९ मिलिमीटरचा ए-शून्य कागद मावेल असा फळा, टी-पट्टी आणि थेट ऊन न देणारी उत्तरेची खिडकी एवढा सरंजाम वास्तुरचनाकाराच्या दफ्तरात असला, म्हणजे नकाशाचे काम निर्वेध चालत असे. आता तोच गृहस्थ संगणकावर इमारतीची त्रिमितीय प्रतिकृती उभारून तिची चित्रफीतही स्वतःच सिद्ध करू लागल्यामुळे त्याच्या खोलीला कार्यालय आणि चित्रीकरणगृह अशा दोन्ही जबाबदाऱ्या पेलाव्या लागतात.

संगणक घेताना पडद्याच्या आकारावर होणारा खर्च मला बराचसा अनाठायी वाटतो. त्या पडद्याचा पांढरा रंग ६५०० केल्विनला जुळवलेला नसेल, तर विटेचा तांबूसपणा पाहणाऱ्यापर्यंत पोहोचताना भलताच होऊन बसतो.

परंतु खरी मेख दिव्यांत आहे. आपल्याकडील वीजप्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करीत असल्यामुळे पुष्कळसे साधे दिवे, डोळ्यांना स्थिर भासले तरी, सेकंदाला १०० वेळा मंद-तेजस्वी होत असतात, आणि कॅमेऱ्याचे शटर त्या लयीशी विसंगत राहिले की भिंतीवर काळसर पट्टे सरकू लागतात. म्हणून सेकंदाला २५ चित्रे आणि १/५० सेकंदाचे शटर ही तजवीज येथे सोयीची, तर ६० आवर्तनांच्या अमेरिकेतून उसने आणलेले १/६० चे गणित येथे फसण्याचा संभव अधिक.

ध्वनीसाठी महागडा मायक्रोफोन आणण्यापूर्वी असलेलाच तोंडाजवळ घ्यावा, उघड्या भिंतींपुढे जाड पडदे व पुस्तकांची कपाटे यांची तरतूद करावी आणि चित्रीकरणापुरता छताचा पंखा बंद ठेवावा, मुंबईच्या मे महिन्यात ही शेवटची सूचना अमलात आणणे कितीही दुष्कर असले तरी.