पुढची रांग पोरींची

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातलं ऑलिंपिया हे वॉशिंग्टन राज्याच्या राजधानीचं गाव. सरकारी कचेऱ्या, बारमाही वाटावा असा पाऊस आणि विद्यार्थ्यांना गुणपत्रिकेऐवजी लेखी अभिप्राय देणारं एव्हरग्रीन स्टेट कॉलेज. तासाभरावर सिअ‍ॅटल. नव्वदच्या दशकाच्या तोंडावर तिथल्या रॉकनं जग कसं पादाक्रांत केलं, ही कथा निर्व्हाना, पर्ल जॅम वगैरे नावांसकट आपल्याकडच्या रॉकवेड्यांनाही पाठ आहे. त्याच वर्षांत ऑलिंपियात बिकिनी किल नावाचा बँड उभा राहिला आणि सात वर्षांत मोडलाही. मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या वाटेला तो कधी गेला नाही, रेडिओवरही फारसा वाजला नाही. तो मोडला याचं खापर भांडणांवर किंवा पैशांवर फोडलं की गोष्ट सोपी होते. मला मात्र कारण वेगळं दिसतं. या बँडमधल्या बायकांना गाण्याबजावण्याखेरीज इतकी कामं करावी लागली, की गाण्यासाठी त्राणच उरलं नाही.

कॅथलीन हॅना ही बँडची गायिका. एव्हरग्रीनमध्ये ती फोटोग्राफी शिकत होती. तिच्या फोटोंचं प्रदर्शन कॉलेजनं उतरवलं, तेव्हा मैत्रिणींना घेऊन तिनं गावात रेको म्यूज नावाची स्वतःचीच गॅलरी थाटली. फीसाठी ती स्ट्रिप क्लबमध्ये नाचायची आणि घरातल्या मारहाणीला कंटाळून बाहेर पडलेल्या बायकांच्या आसरागृहात स्वयंसेविका म्हणून राबायची. तिथं किशोरवयीन मुली काय काय सांगत, ते तिनं ऐकलेलं होतं. तेव्हा ती रंगमंचावर नुसतं बोलून सादर करण्याचे प्रयोग करायची. लेखिका कॅथी अ‍ॅकरनं सिअ‍ॅटलमधल्या एका कार्यशाळेत तिला सांगितलं, की असलं बोलणं ऐकायला कुणी येत नाही, ऐकवायचंच असेल तर बँड काढ. हॅनानं सल्ला शब्दशः मानला.

टोबी व्हेल ड्रमवर होती, आणि खरं तर विचारांची पायाभरणी तिची. १९८८ पासून ती ‘जिगसॉ’ नावाचं फॅनझिन काढत होती. फॅनझिन म्हणजे हातानं लिहिलेली, टंकलेली, कात्रणं चिकटवून झेरॉक्स काढलेली पानं. साठच्या दशकात आपल्याकडे निघालेल्या अनियतकालिकांशी त्यांचं नातं लागेल, फक्त यांत मुली मुलींशी बोलत होत्या. बास वाजवणारी कॅथी विलकॉक्स आणि गिटारवर बँडमधला एकुलता एक पुरुष बिली कॅरन. हे चौघं १९९० मध्ये एकत्र आले. वाद्यं अधूनमधून आपसांत बदलत, टोबीही गाई. वाजवता येणं ही बँड काढण्याची पूर्वअट आहे, हेच त्यांना मान्य नव्हतं.

१९९१ मध्ये त्यांनी ‘रेव्होल्यूशन गर्ल स्टाइल नाऊ’ ही कॅसेट स्वतःच काढून विकली. त्या उन्हाळ्यात बँड वॉशिंग्टन डी.सी.ला गेला. तिथं ब्रॅटमोबाइल या बँडच्या अ‍ॅलिसन वूल्फ आणि मॉली न्यूमन यांच्यासोबत ‘रायट गर्ल’ या फॅनझिनभोवती मुलींच्या बैठका सुरू झाल्या. फुगाझी बँडच्या इयन मकायनं बिकिनी किलची गाणी ध्वनिमुद्रित करून दिली. ती पुढच्या वर्षी किल रॉक स्टार्स या ऑलिंपियातल्याच छोट्या लेबलनं ईपीवर, म्हणजे छोट्या तबकडीवर, काढली. १९९१ च्याच ऑगस्टमध्ये ऑलिंपियात के रेकॉर्ड्स या लेबलनं भरवलेल्या संमेलनाची पहिली रात्र बायकांच्या बँडसाठी राखलेली होती. त्या बैठकांतून उभ्या राहिलेल्या रायट गर्ल चळवळीचा जाहीरनामाही त्याच वर्षी बँडच्याच ‘बिकिनी किल’ फॅनझिनच्या दुसऱ्या अंकात आला.

पण बिकिनी किल समजून घ्यायचा तर त्यांच्या मैफलीत शिरावं लागतं. त्या काळी पंक-हार्डकोअरच्या मैफलीत मंचासमोरची जागा म्हणजे अंगातून शर्ट काढून एकमेकांवर आदळणाऱ्या तरुणांची मालकी. मुली मागे, भिंतीला टेकून, बहुधा मित्राचं जाकीट सांभाळत. हॅना माइकवरून सांगायची: मुलींनो, पुढे या, मुलग्यांनो, मागे व्हा. साधं वाक्य. पण त्यानं सगळ्या खोलीचा नकाशा बदलायचा. पुढे आलेल्या मुलींना गाण्यांचे शब्द छापलेले कागद वाटले जात. हॅनानं पोटावर मार्करनं बाईला घालायची शिवी लिहिलेली असे, कुणी म्हणायच्या आतच. काही पुरुष निमूट मागे सरकत. काही शिव्या देत, वस्तू फेकत, अंगावर येत. मग ती गाणं थांबवून त्या माणसाला बाहेर काढायची, आणि तिथूनच पुढची ओळ उचलायची. पहारेकऱ्याचं काम गायिकेनं करायचं आणि वर सूरही सांभाळायचा! मैफल संपली की दुसरी पाळी सुरू. मुली रांग लावून येत आणि बापानं, काकानं, मित्रानं काय केलं ते तिच्या कानात सांगत. आसरागृहातलं काम तिथं संपलं नव्हतं, फक्त आता मधे ना कचेरी होती, ना सुट्टीचा दिवस.

संगीताबद्दल मात्र फार कमी लिहिलं गेलं, आणि हा मला त्यांच्यावरचा सर्वांत मोठा अन्याय वाटतो. ‘यांना वाजवता येत नाही’ हा शेरा समीक्षकांनी एकमेकांचा पाहून लिहावा इतका सारखा आहे. व्हेलचं ड्रमिंग मुद्दाम सडं आहे, विलकॉक्सचा बास गाण्याचा कणा धरतो, कॅरनची गिटार करवतीसारखी चालते. आणि हॅनाचा आवाज! लाडावलेल्या शाळकरी पोरीच्या स्वरात ती ओळ सुरू करते, मधेच तो लाडिकपणा कुजका होतो आणि ओळ संपेस्तोवर किंकाळी आलेली असते. हे नाट्य आहे, अभिनयाची शिस्त असलेलं. निव्वळ संतापानं असं गाता येत नाही.

रॉकच्या बहुतेक इतिहासांत हॅनाचं नाव येतं ते निर्व्हानाच्या कर्ट कोबेनच्या भिंतीमुळे. टोबी वापरायची त्या ‘टीन स्पिरिट’ डिओडरंटचा वास कर्टला येतो, असं हॅनानं एका रात्री त्याच्या खोलीच्या भिंतीवर खरडलं आणि त्यातून निर्व्हानाच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याला नाव मिळालं. किस्सा खरा आहे. पुढे जाऊ.

१९९२ मध्ये बडी वर्तमानपत्रं या मुलींच्या मागे लागली. ‘न्यूजवीक’नं नोव्हेंबरात लेख छापला. बूट, केसांच्या क्लिपा, पोटावरची अक्षरं यांची वर्णनं आली. हॅना स्ट्रिपर होती हे आलं. गाणी आली नाहीत. चळवळीतल्या मुलींनी पत्रकारांशी बोलायचंच नाही असं ठरवलं. निर्णय समजण्यासारखा होता, पण महाग पडला. बोलणारं कुणी नाही म्हटल्यावर पत्रकारांनी मनाला येईल ते लिहिलं आणि कधीही नेता न मानणाऱ्या चळवळीची नेता म्हणून हॅनाला बसवून टाकलं. बाहेरून तिच्यावर हल्ले, आतून ‘तू पुढे पुढे करतेस’ हा आरोप.

एक आरोप मात्र पूर्णपणे रास्त होता. रायट गर्लच्या बैठकांतल्या मुली बहुतांशी गोऱ्या, शिकलेल्या, मध्यमवर्गीय होत्या. रामदाशा बिकसीम या काळ्या मुलीनं आपल्या ‘गंक’ फॅनझिनमधून हा प्रश्न तेव्हाच विचारला होता. १९९७ मध्ये मिमी थी न्युयेन हिनं ‘इव्होल्यूशन ऑफ अ रेस रायट’ हे संकलनच काढलं. पुढची रांग कुणाच्या मुलींसाठी, हा प्रश्न बिकिनी किलच्या चाहत्यांना आजही अवघड जातो, आणि जावा.

१९९३ हे भरतीचं वर्ष. मार्चमध्ये ब्रिटिश बँड हगी बेअरसोबत अर्धी-अर्धी तबकडी निघाली, पाठोपाठ ब्रिटनचा दौरा, मग ‘पुसी व्हिप्ड’ हा अल्बम, आणि रॉक गायिका जोन जेटनं निर्मिती केलेली ‘रिबेल गर्ल’ची सिंगल. त्यानंतरचा अल्बम यायला १९९६ उजाडलं. ‘रिजेक्ट ऑल अमेरिकन’ अर्ध्या तासाहून लहान आहे, पण चाली अधिक गोळीबंद आणि दुःखाला जागा अधिक. ‘आर.आय.पी.’मध्ये एड्सनं गेलेल्या मित्राचा शोक आहे. त्याच वर्षी लंडनच्या स्पाइस गर्ल्सनी ‘गर्ल पॉवर’ची आरोळी ठोकली. हेच शब्द ‘बिकिनी किल’ फॅनझिनच्या मुखपृष्ठावर पाच वर्षं आधी आले होते. आता त्यांवर बाहुल्या आणि शीतपेयं खपू लागली. अ‍ॅलनिस मॉरिसेट या गायिकेचा अल्बम लाखोंनी विकला जात होता. बायकांच्या रागाला बाजार मिळाला, आणि ज्यांनी त्यासाठी बाटल्या झेलल्या त्या व्हॅनमधून पुढच्या गावाला निघाल्या होत्या. १९९७ मध्ये बँड थांबला. निरोपाचा सोहळा झाला नाही.

हॅनानं लगोलग घरातच, ड्रम मशीन आणि सॅम्पलर घेऊन, ‘ज्युली रुइन’ नावानं एकटीनं अल्बम केला. तिथं तिला कुणाला बाहेर काढायचं नव्हतं. पुढे ल टिग्रे हा नाचता येईल असा बँड आला आणि २००४ मध्ये त्याचा अल्बम चक्क युनिव्हर्सल या बड्या कंपनीनं काढला. तत्त्व सोडलं म्हणून काहींनी नाकं मुरडली. मला त्यात वय वाढलेल्या बाईचा व्यवहार दिसतो. मग लाइम रोगानं तिला काही वर्षं मंचापासून दूर ठेवलं. त्या काळात तिचे कागद न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फेल्स ग्रंथालयात जमा झाले. झेरॉक्सची पानं आता अभ्यासक मागवून वाचतात. २०१९ मध्ये बँड लॉस एंजेलिसच्या हॉलीवूड पॅलेडियममध्ये पुन्हा उभा राहिला. कॅरनच्या जागी गिटारवर एरिका डॉन लाइल होती. २०२४ मध्ये हॅनाचं आत्मकथन आलं, त्याचंही नाव ‘रिबेल गर्ल’.

नव्यानं ऐकणाऱ्यांसाठी एवढंच. ‘रिबेल गर्ल’ त्यांनी तीनदा मुद्रित केलं. जोन जेटची गिटार आणि मागचे सूर असलेली आवृत्ती सर्वांत भरदार, आणि बहुतेकांच्या कानावर पडते ती तीच. ‘पुसी व्हिप्ड’वरची कच्ची आहे आणि मला तीच जवळची वाटते, एका मुलीला दुसऱ्या मुलीची पडलेली भुरळ तिथं घासूनपुसून गुळगुळीत झालेली नाही. पण सुरुवात पहिल्या ईपीवरच्या ‘फील्स ब्लाइंड’नं करा, आणि आवाज शेजाऱ्यांना कळेल इतका ठेवा.