गोळी सोडली तरी तारीख सोडू नका

सकाळी ६:३०

दिवस सुरू होतो फोनने. आज ज्यांची व्हिजिट आहे, त्यांना घरून निघायच्या आधी गाठायचं.

"काका, सकाळची पहिली लघवी बाटलीत घेतली ना? झाकण घट्ट लावा. चहा नको, बिनसाखरेचाही नको. पाणी चालेल. इन्सुलिन घरी टोचू नका, सोबत आणा. रक्त दिल्यावर इथे नाश्ता कराल, तेव्हा घ्या."

काका जेजुरीच्या पुढून एसटीने येतात. पहिल्या लघवीचा आग्रह त्यांना चमत्कारिक वाटतो. पण लघवीतून जाणारं अल्ब्युमिन हे प्रथिन चालण्याने वाढतं, तापाने वाढतं, लघवीच्या जंतुसंसर्गाने वाढतं. रात्रभर आडवं पडून उठल्यावरचा नमुना त्यातल्या त्यात भरवशाचा. मधुमेहाने मूत्रपिंडाला धक्का लागतोय, याची पहिली चाहूल बहुधा याच बाटलीत लागते. पायाला सूज येते ती फार नंतर.

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. मधुमेहामुळे मूत्रपिंड खराब होत चाललेल्या रुग्णांवर एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, तिचं रोजचं काम माझ्याकडे. औषधाचं नाव इथे लिहिता येत नाही. कोणाला खरी गोळी मिळते आणि कोणाला तशीच दिसणारी बिनऔषधाची, हे तर मलाही माहीत नाही, आमच्या डॉक्टर सरांनाही नाही.

सकाळी ८:००

खोली उघडली की आधी तापमानाची वही. औषधाच्या कपाटाचं रात्रभरातलं कमाल-किमान, मग उणे ऐंशीच्या डीप फ्रीजरचं. उन्हाळ्यात रात्री लाइट गेली असेल तर पोटात गोळा येतो. कपाटाचा पारा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला असेल, तर ते खोके बाजूला काढून त्यावर कागद चिकटवायचा आणि कंपनीचं उत्तर येईपर्यंत एकही गोळी कोणाला द्यायची नाही.

साडेआठला काका येतात. आधी पाच मिनिटं नुसतं बसायचं. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर, गप्पा बंद. ही शेवटची अट त्यांना फार जड जाते. मग ब्लडप्रेशर तीनदा. जिना चढून आलेल्या माणसाचा लगेच घेतलेला आकडा त्या जिन्याचा असतो.

रक्त घेताना माझा ठरलेला प्रश्न : काल रात्री काय जेवलात?

"भाच्याकडे जागरण-गोंधळ होता. मटण."

मी लिहून घेते. शिजवलेलं मांस खाल्लं की रक्तातलं क्रिएटिनिन काही तास वाढतं, आणि मूत्रपिंड किती टक्के चालतंय याचा अंदाज आपण त्या क्रिएटिनिनवरूनच काढतो. उद्या आकडा वर आला तर मटणाची ही ओळ कामी येईल.

जांभळ्या झाकणाची नळी साखरेच्या एचबीए१सी तपासणीसाठी. ती हलक्या हाताने आठ-दहा वेळा खाली-वर करायची, सेंट्रीफ्यूजमध्ये घालायची नाही. सीरमची नळी अर्धा तास उभी ठेवायची, रक्त गोठू द्यायचं, मग फिरवायची. वर जे पिवळसर पाणी सुटतं ते पिपेटने बारीक कुप्यांत भरायचं, खालचा लाल थर हलता कामा नये. काका तोवर कॅन्टीनमध्ये उपमा खातात आणि सिस्टरना त्यांचा राहिलेला गोंधळ ऐकवतात.

सकाळी १०:००

ओपीडी. इथे माझं काम म्हणजे फायली चाळून चाचणीत बसू शकतील अशी माणसं शोधणं. लघवीतल्या दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे सुरुवात, ३०० च्या वर म्हणजे गळती मोठी.

बहुतेकांचा सूर एकच : "मला तर काही होत नाही."

खरंच होत नाही. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात आणि दोन्ही मिळून दिवसाला जवळजवळ १८० लिटर द्रव गाळतात. त्यातल्या निम्म्या गाळण्या गेल्या तरी उरलेल्या जास्त काम ओढतात आणि माणूस शेतात, दुकानात, कार्यालयात नेहमीसारखा असतो. दुखत नाही, खुपत नाही. देशभर झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीने २०२३ मध्ये भारतातल्या मधुमेहींचा अंदाज १० कोटी १० लाखांवर नेला. त्यातल्या ज्यांची मूत्रपिंडं आज गळताहेत, त्यांतल्या बहुतेकांना ते कळायला आकड्याखेरीज दुसरा मार्ग नाही.

सर एका तरुण शिक्षकाला औषधांचा इतिहास थोडक्यात सांगत होते. २००१ मध्ये 'रेनाल' या चाचणीने १,५१३ रुग्णांवर दाखवलं की लोसार्टन ही ब्लडप्रेशरची गोळी मधुमेहींच्या मूत्रपिंडाची घसरण मंदावते. पुढे बरीच वर्षं हाती ठोस काही आलं नाही. मग २०१९ ची 'क्रेडेन्स', ४,४०१ रुग्णांची. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या कॅनाग्लिफ्लोझिनने मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या मुख्य घटनांचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी उतरवला. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. त्याच घराण्यातल्या डापाग्लिफ्लोझिनच्या जेनेरिक गोळ्या आपल्याकडे २०२० पासून मिळू लागल्या, एम्पाग्लिफ्लोझिनच्या २०२५ पासून, आणि महिन्याचा खर्च बेताच्या घरालाही पेलवू लागला.

म्हणून आमच्या चाचणीत ही चालू औषधं कोणाची बंद करत नाहीत. नवी गोळी किंवा बिनऔषधाची गोळी त्यांच्यावर जास्तीची असते. शिक्षकांनी नेमकं हेच विचारलं होतं.

सकाळी ११:३०

संमती. माझ्या कामातला हा सगळ्यात संथ तास, आणि तो संथच असावा.

एक आजी, अंगठा करणाऱ्या. सोबत मुलगा, त्याला दोन वाजता कारखान्यात शिफ्टला पोचायचंय. "सही कुठं करायची तेवढं दाखवा ना मॅडम." नाही. आजींना लिहिता-वाचता येत नाही, म्हणजे चाचणीशी संबंध नसलेला एक साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत समोर बसायला हवा. २०१९ च्या नियमांनुसार काही चाचण्यांत दुर्बल गटातल्या माणसाची संमती कॅमेऱ्यातही टिपावी लागते. मी मराठीतलं संमतीपत्र पान-पान वाचते. कोणाला कोणती गोळी हे संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. त्रास झाला तर उपचार मोफत. कधीही, कारण न सांगता, बाहेर पडता येतं आणि नेहमीच्या उपचारात त्याने फरक पडत नाही.

"म्हंजी मला खोटी गोळी बी मिळंल?"

"मिळू शकते, आजी."

"मग माझा काय फायदा?"

कदाचित काहीच नाही, असं सांगावं लागतं. तपासण्या वेळेवर होतील, एवढं नक्की. आजी विचारात पडल्या. आज अंगठा घेतला नाही. कागद घरी न्या, सुनेकडून वाचून घ्या, पुढच्या आठवड्यात या. मुलगा वैतागला, पण त्याला शिफ्ट गाठता आली.

दुपारी १:००

गोळ्यांची मोजणी. रुग्ण आपल्या पिशवीतून रिकामी-भरली पाकिटं परत आणतो, आम्ही त्याच्यासमोर मोजतो. आज हडपसरच्या मावशींच्या पाकिटात गोळ्या भलत्याच उरलेल्या.

मावशी खाली बघत होत्या. शेजारणीने सांगितलं म्हणे, ट्रायलच्या गोळ्यांनी किडनी जाते. मूत्रपिंड किती टक्के चालतंय तो आकडा मागच्या रिपोर्टात थोडा खाली आलेला, तो शेजारणीच्या बोलण्याशी जुळला. गोळ्या बंद. "आज येणारच नव्हते मी. तुम्ही रागवाल म्हणून."

कोणी रागावलं नाही. सरांनी त्यांना बसवून घेतलं. मूत्रपिंडाच्या काही चांगल्या औषधांत पहिल्या काही आठवड्यांत आकडा जरा उतरतो, कारण गाळण्यांवरचा दाब कमी होतो. पुढे मात्र घसरण मंदावते. म्हणून एका रिपोर्टवर निकाल लावायचा नसतो. पण तुमचा आकडा त्यामुळेच उतरला का, हे मी सांगू शकत नाही, कारण तुमची गोळी कोणती हे मलाही ठाऊक नाही. घ्यायची नसेल तर नका घेऊ. फक्त तारखेला या.

गोळी न घेणाऱ्या बाईची लघवी कशाला तपासायची, असं मावशींना वाटलं. कोणालाही वाटेल. पण चिठ्ठीत ज्या गटात नाव निघालं, त्या गटात माणूस शेवटपर्यंत मोजायचा असतो, गोळी घेवो न घेवो. ज्यांना त्रास झाला, ज्यांचा भरवसा उडाला, ज्यांची तब्येत ढासळली, तेच आधी यायचे बंद होतात. त्यांना हिशेबातून सोडलं की मागे उरतात ती धडधाकट, नेमाने येणारी माणसं. त्यांच्या जिवावर कुठलंही औषध आहे त्यापेक्षा गुणकारी दिसेल. आणि असं औषध उद्या खेड्यापाड्यात लिहून दिलं जाईल.

दुपारी २:००

डबा. आमच्या खोलीत एक नवी मुलगी रुजू झाली आहे. फोन करकरून ती कंटाळली आहे. तिला मी केईएम पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम वाचायला दिलं होतं. १९९३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत त्यांनी गरोदर बायकांचं आहार-आरोग्य टिपायला सुरुवात केली. जन्मलेली बाळं वजनाने हलकी, सरासरी २.७ किलोच्या आसपास, पण इंग्लंडमधल्या बाळांच्या तुलनेत स्नायू कमी आणि चरबी मात्र टिकून. बारीक अंगाच्या भारतीयाला मधुमेह का गाठतो, याचा एक धागा तिथे मिळाला. ती बाळं पुढे शाळेत गेली, मोठी झाली, तरी त्यांची तपासणी चालू राहिली. "त्या लोकांनी किती वेळा दारं ठोठावली असतील," ती म्हणाली आणि डबा बंद करून फोनकडे वळली.

दुपारी ३:१५

तालुक्याच्या गावाहून फोन. आमचे एक रुग्ण जुलाब-उलट्यांनी दवाखान्यात दाखल, क्रिएटिनिन चढलेलं.

दाखल होणं ही आमच्या भाषेत गंभीर घटना. गोळीचा संबंध असो वा नसो, कळल्यापासून चोवीस तासांत कंपनी, एथिक्स कमिटी आणि केंद्राच्या औषध नियंत्रकाकडे कळवायची. सर तिथल्या डॉक्टरांशी बोलले : सलाईन चालू आहे, चाचणीची गोळी थांबवली आहे, अंगदुखीसाठी वेदनाशामक देऊ नका. अंगात पाणी कमी असताना तसलं इंजेक्शन मूत्रपिंडाला महागात पडतं. गोळी खरी की खोटी हे उघडायची गरज आहे का? नाही, उपचार दोन्हीकडे सारखेच.

दुपारी ४:३०

कुरिअरवाला ड्राय आइसचा डबा घेऊन येतो. कुप्या मोजून, यादीशी ताडून भरायच्या. मग आमच्या नोंदी तपासणाऱ्या मॉनिटरच्या शंका. ब्लडप्रेशरची वेळ ८:५२ आणि रक्ताची ८:५०, आधी काय झालं? मूळ कागद काढायचा, चूक असेल तर एकच आडवी रेघ, शेजारी खरा आकडा, तारीख, सही. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. व्हाइटनर आमच्या खोलीत ठेवतच नाही.

संध्याकाळी ६:००

शेवटचे फोन, न आलेल्यांना. एक गृहस्थ दिवाळीपासून फोन उचलत नव्हते. संमतीपत्रात त्यांनी मुलीचा नंबर दिला होता, तिने आज बोलणं करून दिलं.

"माझं डायलिसिस सुरू झालं मॅडम. आता माझा काय उपयोग तुम्हाला?"

त्यांना वाटत होतं, आपण नापास झालो. मी सांगितलं की असं नसतं. औषधाने डायलिसिस टळतं का, लांबतं का, हाच तर या चाचणीचा प्रश्न. ज्या दिवशी तुमचं पहिलं डायलिसिस झालं, ती तारीख आमच्या सगळ्या कागदांत मोलाची आहे. तुम्ही गायब झालात तर तिथे रकाना कोरा राहील, आणि कोऱ्या रकान्याचा अर्थ ज्याला जसा सोयीचा तसा लावता येतो.

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मंगळवार-शुक्रवार मशीनवर असतो, बुधवारी जमेल. बुधवार, साडेदहा, असं मी वहीत लिहिलं आणि पहिल्या डायलिसिसचे कागद सोबत आणायला सांगितलं.