बसऱ्याला गेलेला

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. १९१४ च्या लढाईवर गावातले किती गेले आणि त्यातले किती परत आले नाहीत, हे तिच्यावर कोरलंय. नाव एकही नाही. माझ्या आजीचा थोरला काका त्या दुसऱ्या आकड्यातला. आजी एवढंच सांगायची, ‘तो बसऱ्याला गेला.’

बसऱ्यालाही तेच झालं होतं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पडलेल्या, कबर न सापडलेल्या चाळीस हजारांवर जणांसाठी तिथे १९२९ साली स्मारक उभं राहिलं. गोऱ्या शिपायांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं दगडावर आली; साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा. आमची माणसं दोन्हीकडे मोजली गेली. त्यांची नावं राहिली दप्तरातल्या याद्यांत.

त्या याद्यांपर्यंत आमच्यासारख्यांचा हात पोचला तो फार उशिरा. १९९८ साली अशा कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने आपली नोंदवही इंटरनेटवर आणली. २०१४ मध्ये, युद्धाच्या शताब्दीला, मूळ कागदांची छायाचित्रंही आली. मी शोधायला बसलो ते त्यानंतर.

आधी आडनाव घातलं. काही नाही. स्पेलिंग बदलून पाहिलं, तरी नाही. चूक माझीच होती, कारण मी आजच्या इंग्रजीत शोधत होतो. त्या काळच्या कारकुनाने कानावर पडलं तसं रोमन लिपीत उतरवलं. कुठे आडनावच नाही, नुसतं शिपायाचं आणि बापाचं नाव. मग नाव सोडलं आणि पलटण धरली. ११७ वी मराठा, जी १९१५ च्या डिसेंबरपासून मेसोपोटेमियातल्या कुतमध्ये १४७ दिवस वेढ्यात अडकली होती. एकेक ओळ मोठ्याने वाचत गेलो. मोडक्या अक्षरांत आमच्या गावाचं नाव डोळ्यांना कळलं नाही, जिभेवर आल्यावर कळलं. पुढे तालुका, बापाचं नाव, शिपाई नंबर आणि मृत्यूची तारीख. मी ती ओळ आईला फोनवर वाचून दाखवली. ती बराच वेळ बोललीच नाही.

२०२१ साली कमिशनने स्वतःच्याच कारभाराची चौकशी करून अहवाल काढला. हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन अशा किमान ४५ हजार मृतांना बरोबरीची वागणूक मिळाली नाही, हे मान्य केलं आणि माफी मागितली. शंभर वर्षं लागली. तरीही मला ती माफी मोलाची वाटते, कारण याद्या जपल्या गेल्या नसत्या तर माफी कुणाची मागायची हेही कळलं नसतं.

आमच्याकडे या काकाचं पान सर्वपित्रीला ठेवायचे; गेल्याची तिथीच ठाऊक नव्हती. तारीख मिळाल्यावर मामाने जुनं पंचांग मिळवून तिथी काढली. पौष वद्य अष्टमी, जानेवारी १९१६. त्या वर्षी मामीने पहिल्यांदा पौषात त्याच्या नावाने पान वाढलं.